विरासतीचा हिशेब: वाटणीचं बीजगणित घरच्या घरी कसं सोडवायचं

समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून गेला, तेव्हा कित्येक शेतकऱ्यांच्या खात्यात आयुष्यात पहिल्यांदाच लाखांच्या घरात मावेजा जमा झाला. जमिनीचे पैसे झाले. मग काही वर्षांनी घरातला कर्ता माणूस अल्लाहला प्यारा होतो, चाळिसावा उरकतो आणि घरात बैठक बसते. बैठकीत कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, "शरियतप्रमाणे बहिणीला भावाच्या निम्मं." सगळे माना डोलावतात. निम्मं म्हणजे किती रुपये, आणि ते कोणत्या रकमेतून काढायचं, हे मात्र कुणी कागदावर मांडत नाही. शेवटी बहिणीच्या हातात एक गोल रक्कम ठेवली जाते आणि तिची सही घेतली जाते.

खरं तर हे गणित आपली आठवीतली मुलं सोडवू शकतात. एकचल समीकरणं आठवीला येतात, दोन चलांची दहावीला. अपूर्णांकांची बेरीज तर त्याही आधी. पुस्तकात असतं तसंच हे शाब्दिक उदाहरण आहे, फक्त यातले पैसे खरे असतात. हा लेख त्याच हिशेबासाठी. इथले हिस्से सुन्नी हनफी फिकहप्रमाणे दिले आहेत, कारण मराठवाड्यात बहुतेक घरांत तोच मसलक आहे.

आधी काय वजा करायचं

मरहूमने मागे सोडलेल्या सगळ्या मालमत्तेला तरका म्हणतात. तरका थेट वाटायचा नसतो. आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर ती, आणि उरलेलं वारसांना. हा क्रम बदलला की पुढचं सगळं गणित चुकतं.

कर्जात बँकेचं पीककर्ज येतं, दुकानदाराची उधारी येते आणि बायकोचा न दिलेला मेहरही येतो. इथे आपल्याकडे सर्रास चूक होते. "अम्मीला आठवा हिस्सा दिला, त्यातच मेहर आला" असं सांगितलं जातं. नाही. मेहर हे कर्ज आहे, ते आधी फेडायचं. आठवा हिस्सा त्यानंतरच्या रकमेतून, आणि वेगळा. वसीयत जास्तीत जास्त एकतृतीयांशापर्यंत चालते, आणि जो वारस आहे त्याच्या नावे केलेली वसीयत बाकीच्या वारसांनी मान्य केल्याशिवाय लागू होत नाही.

एक उदाहरण घेऊ. वडिलांच्या हयातीतच मावेजा खात्यात आलेला होता. तो आणि इतर शिल्लक मिळून १८,५०,००० रुपये. कफन-दफनला २०,००० लागले. पीककर्ज १,८०,००० बाकी. अम्मीचा मेहर ५०,००० द्यायचा राहिलेला. वसीयत नाही. मागे अम्मी, दोन मुलगे, एक मुलगी. मरहूमचे आईवडील आधीच वारलेले.

१८,५०,००० मधून २०,०००, १,८०,००० आणि ५०,००० गेले की राहिले १६,००,०००. वाटायचे ते एवढेच.

मूलबाळ असेल तर बायकोला १/८. म्हणजे २,००,०००. उरले १४,००,०००. मुलांना हे असबा म्हणून जातं, म्हणजे ठरलेले हिस्से देऊन जे उरेल ते, आणि त्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. आता मुलीचा हिस्सा क्ष मानू. मग प्रत्येक मुलाचा २क्ष.

२क्ष + २क्ष + क्ष = १४,००,०००
५क्ष = १४,००,०००
क्ष = २,८०,०००

मुलीला २,८०,०००, प्रत्येक मुलाला ५,६०,०००. अम्मीला २,००,०००, आणि मेहरचे ५०,००० वेगळे. पडताळा: २,००,००० + ५,६०,००० + ५,६०,००० + २,८०,००० = १६,००,०००. जमलं.

हेच अपूर्णांकात लिहिलं तर एक मजेशीर गोष्ट दिसते. अम्मीचा १/८ काढल्यावर ७/८ उरतात, त्यांचे पाच भाग करायचे, म्हणून छेद ८ × ५ = ४०. अम्मी ५/४०, प्रत्येक मुलगा १४/४०, मुलगी ७/४०. आणि एक एकर म्हणजे ४० गुंठे! या कुटुंबात एकराची वाटणी झाली तर अम्मीला ५ गुंठे, भावांना १४-१४ आणि बहिणीला ७ गुंठे. जुनी माणसं हेच आण्यात सांगायची. सोळा आण्यांतले दोन आणे बेवेचे, हे तोंडपाठ असलेले बुजुर्ग अजून भेटतात.

"निम्मं" या शब्दाबद्दल एक खुलासा. बहिणीला भावाच्या निम्मं याचा अर्थ भावांना आधी देऊन उरलेल्याचं निम्मं असा नाही, आणि सगळ्या भावांच्या मिळून निम्मं असाही नाही. एका भावाला जेवढं, त्याच्या निम्मं. आणि हे फक्त भाऊ असेल तेव्हाच. मुलगा नसेल आणि एकच मुलगी असेल तर तिचा ठरलेला हिस्सा पूर्ण तरक्याचा १/२ आहे. दोन किंवा जास्त मुली असतील तर सगळ्यांना मिळून २/३.

दादी हयात असेल तर

घरात सगळ्यात जास्त विसरली जाणारी वारस म्हणजे मरहूमची आई. मुलगा गेला, सून-नातवंडं आहेत, मग म्हातारीला कशाला, असा सूर असतो. पण मूलबाळ असलेल्या मरहूमच्या आईला १/६ ठरलेला आहे. वरच्याच कुटुंबात दादी हयात आहेत असं धरू.

बायको १/८, आई १/६. छेद वेगळे, म्हणून लसावि २४. ३/२४ + ४/२४ = ७/२४. उरले १७/२४. त्याचे पाच भाग, म्हणून छेद १२०. बायको १५, आई २०, प्रत्येक मुलगा ३४, मुलगी १७. बेरीज १५ + २० + ३४ + ३४ + १७ = १२०. सोळा लाखांत दादींना सुमारे २,६६,६६७ येतात आणि मुलीला २,८०,००० ऐवजी सुमारे २,२६,६६७. दादीचा हिस्सा कुणा एकाच्या खिशातून जात नाही, सगळ्या मुलांचा थोडा थोडा कमी होतो. बायकोचा आठवा मात्र तसाच राहतो, कारण तो ठरलेला आहे.

उलटं गणित: बहिणीने विचारायचा प्रश्न

आता बहिणीच्या बाजूने बघू. भाऊ सांगतात, "अब्बांच्या पैशातला तुझा हिस्सा २,१०,००० होतो, इथे सही कर." तिला एकूण रक्कम माहीत नाही. सरळ विचारलं तर भांडण होईल अशी भीती. पण वारस कोण कोण आहेत हे तर तिला माहीत आहेच: अम्मी, तीन भाऊ, दोन बहिणी. एवढ्यावर तिला पडताळा करता येतो.

अम्मीचा १/८. उरले ७/८. तीन भावांचे सहा भाग, दोन बहिणींचे दोन, मिळून आठ. म्हणून एका बहिणीचा हिस्सा ७/८ ÷ ८ = ७/६४. एकूण वाटायची रक्कम क्ष मानली तर

७/६४ क्ष = २,१०,०००
क्ष = २,१०,००० × ६४ ÷ ७ = १९,२०,०००

म्हणजे दोन लाख दहा हजार हा तिचा पूर्ण हिस्सा असेल, तर कर्ज वगैरे वजा जाता तरका एकोणीस लाख वीस हजारांचा असला पाहिजे. पासबुकावर कर्ज फेडून बत्तीस लाख उरलेले असतील, तर तिचा हिस्सा ३,५०,००० होतो. फरक १,४०,००० चा.

हक्क सोडायला शरियतमध्ये मनाई नाही. बहीण मनापासून म्हणाली की मला नको, भावांना राहू दे, तर तो तिचा अधिकार. पण आपण किती सोडतोय हे तिला माहीत नसेल, तर त्याला सोडणं म्हणायचं की सोडवून घेणं? हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी एका कागदावर वरच्या दोन ओळी लिहून बघायला पाच मिनिटं पुरतात. माहेर तुटण्याच्या भीतीने गप्प बसणाऱ्या आपा-बाजी प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांच्या घरात दहावीला गेलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर हा गृहपाठ त्यांनाच द्यावा.

यतीम नातवाची वसीयत

एक प्रश्न मुफ्तीसाहेबांकडे वारंवार जातो. एक मुलगा बापाच्या आधी वारला, त्याची लेकरं मागे राहिली. आता आजोबा गेले. बाकीचे मुलगे हयात असतील तर यतीम नातवाला विरासतीत हिस्सा मिळत नाही. पाकिस्तानात १९६१ च्या अध्यादेशाने हे बदललं, इजिप्तने १९४६ मध्ये सक्तीच्या वसीयतीचा कायदा केला. भारतात तसा कायदा नाही. पण आजोबांच्या हातात उपाय आहे: वसीयत. नातू वारस नाही, म्हणून त्याच्या नावे एकतृतीयांशापर्यंत वसीयत बिनदिक्कत करता येते.

समजा आजोबांनी लिहून ठेवलं, "माझ्या प्रत्येक मुलाला जेवढं मिळेल, तेवढंच माझ्या यतीम नातवाला द्यावं." मागे बायको आणि तीन मुलगे. आता हिशेब अडतो, कारण मुलांचा हिस्सा वसीयत वजा केल्यावर ठरतो आणि वसीयत मुलांच्या हिश्श्यावर ठरते. अंडं आधी की कोंबडी आधी, तसं. तोंडी हिशेबाने हे सुटत नाही. बीजगणिताने चार ओळींत सुटतं.

एकूण रक्कम क्ष, वसीयत व. वसीयत गेल्यावर उरले क्ष − व. त्यातला १/८ बायकोला, ७/८ तीन मुलांना. एका मुलाचा हिस्सा ७/२४ (क्ष − व). हा वसीयतीएवढाच, म्हणून

७/२४ (क्ष − व) = व
७क्ष − ७व = २४व
७क्ष = ३१व
व = ७/३१ क्ष

७/३१ हे १/३ पेक्षा कमी आहे, म्हणून वसीयत पूर्ण लागू होते. एकतीस लाख असतील तर नातवाला सात लाख, तिघा मुलांना सात-सात लाख, बायकोला तीन लाख. बेरीज एकतीस. मात्र एकच मुलगा असता आणि दुसरा कोणी वारस नसता, तर अशी वसीयत निम्म्यावर गेली असती. तिथे तिसऱ्या हिश्श्याच्या वरचा भाग मुलाने राजी होऊन दिला तरच मिळतो.

माझ्या मते या लेखातलं सगळ्यात कामाचं उदाहरण हेच. काही आजोबांच्या मनात असतं, पण "किती लिहू" इथे अडून ते कागद करत नाहीत आणि मग वेळ निघून जाते.

हे गणित आलं कुठून

वर ७क्ष − ७व = २४व या ओळीत आपण दोन्ही बाजूंना ७व मिळवले आणि वजाबाकी घालवली. या कृतीला अरबीत जब्र म्हणतात, म्हणजे तुटलेलं सांधणं, भरून काढणं. दोन्ही बाजूंना समान असलेलं काढून टाकलं की तो मुकाबला. बगदादमध्ये खलिफा मामूनच्या काळात (८१३ ते ८३३) मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी जब्र आणि मुकाबल्यावर किताब लिहिली आणि तिच्या नावातूनच 'अल्जेब्रा' हा शब्द युरोपात गेला. प्रस्तावनेत त्यांनी ही विद्या कशासाठी ते सांगितलंय: विरासत, वसीयत, वाटणी, दावे, व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांची खोदाई. किताबचा जवळजवळ अर्धा भाग वसीयतीच्या उदाहरणांचा आहे. शाळेत हे सांगितलं जात नाही, म्हणून मुलांना क्ष आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

ख्वारिज्मी अज्ञात रकमेला 'शय' म्हणतात, म्हणजे वस्तू. त्यांच्या वसीयतीच्या भागातलं पहिलंच उदाहरण बघा. एक माणूस दोन मुलगे सोडून वारला. तिसरा हिस्सा एका परक्या माणसाला द्यायची वसीयत आहे. मागे रोख दहा दिरहम आहेत, आणि दहा दिरहम एका मुलाकडेच येणं आहे. तो मुलगा आपल्या कर्जातून स्वतःच्या हिश्श्यापुरती रक्कम कापून घेणार. ती किती?

ती रक्कम शय. मग वाटायला १० + शय. तिसरा भाग वसीयतीचा, उरलेले दोन तृतीयांश दोघा भावांचे, म्हणून प्रत्येकाला पुन्हा एक तृतीयांश. तो शयएवढा:

१/३ (१० + शय) = शय
१० + शय = ३ शय
१० = २ शय, म्हणून शय = ५

रोख दहामधून पाच वसीयतवाल्याला, पाच दुसऱ्या भावाला, आणि कर्जदार भावाचे पाच त्याच्याच कर्जात वळते. राहिलेल्या कर्जाचं काय करायचं हा फिकहचा वेगळा प्रश्न आहे. पण बाराशे वर्षांपूर्वीचं हे उदाहरण आजही किती घरातलं आहे! एका भावाने अब्बांच्या हयातीत धंद्यासाठी उचल घेतलेली, आणि वाटणीच्या दिवशी ती विषयातच नाही.

आपल्याकडेही ही विद्या नवी नव्हती. ११५० मध्ये लीलावती लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा संबंध जालन्यापासून फार लांब नसलेल्या चाळीसगावजवळच्या पाटणशी सांगितला जातो. त्यांच्या नातवाने तिथे उभारलेल्या मठाचा शिलालेख आहे. ते अज्ञाताला 'यावत्-तावत्' म्हणत. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचा फारसीत तर्जुमा केला. आणि मदरशांत फराइज शिकवताना वापरली जाणारी सिराजी ही किताब विल्यम जोन्सने १७९२ मध्ये कलकत्त्याहून इंग्रजीत काढली, कारण कंपनीच्या न्यायाधीशांनाही हे अपूर्णांक जमवायचे होते.

बेरीज एकपेक्षा जास्त किंवा कमी आली तर

कुरआनच्या सूरह निसामधल्या आयत ११, १२ आणि १७६ मध्ये आलेले अपूर्णांक सहाच: १/२, १/४, १/८, २/३, १/३, १/६. कधी कधी त्यांची बेरीज १ च्या वर जाते. एक बाई वारली, मूलबाळ नाही, आईवडील हयात नाहीत. मागे नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी. नवऱ्याला १/२, बहिणींना मिळून २/३. बेरीज ३/६ + ४/६ = ७/६. सहा भागांत सात माणसांचं जेवण! हजरत उमर (रजि.) यांच्या काळात असा मसला आला आणि सहाबांशी सल्लामसलत करून ठरलं की छेदच सात करायचा. नवऱ्याला ३/७, प्रत्येक बहिणीला २/७. सात लाख असतील तर तीन, दोन, दोन. याला औल म्हणतात. कुणा एकाचा हिस्सा न कापता सगळ्यांचा त्याच प्रमाणात कमी होतो. बायको, दोन मुली, आई आणि बाप असे वारस असतील तर २४ चे २७ होतात आणि बायकोचा आठवा नववा होतो. हजरत अली (रजि.) यांनी हे उत्तर मिंबरवरूनच दिलं असं सांगतात, म्हणून या मसल्याचं नाव मिंबरिया. जाफरी फिकहमध्ये औल मानत नाहीत, तिथे रीत वेगळी.

उलट बेरीज कमी आली आणि उरलेलं घ्यायला कोणी असबा नसेल, तर रद्द. आई १/६ आणि एकच मुलगी १/२: मिळून ४/६. उरलेलं त्यांनाच त्यांच्या प्रमाणात, म्हणजे १ : ३. आठ लाखांत आईला दोन, मुलीला सहा.

याच ठिकाणी लोक सतरा उंटांची गोष्ट सांगतात. निम्मे एकाला, तिसरा भाग दुसऱ्याला, नववा तिसऱ्याला. शहाणा माणूस आपला उंट मिळवून अठरा करतो, ९, ६, २ वाटतो आणि आपला उंट परत नेतो. कोडं छान आहे, गुपित एवढंच की १/२ + १/३ + १/९ = १७/१८. पण ही शरियतची वाटणी नव्हे. तीन मुलगे असतील तर तिघांना सारखंच मिळतं, बाप मनाने कमी-जास्त लिहू शकत नाही.

कागद करताना

बँक खात्यावर नॉमिनी म्हणून ज्याचं नाव आहे तो मालक होत नाही. तो फक्त पैसे उचलून वारसांपर्यंत पोहोचवणारा, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून "खात्यावर माझं नाव आहे" हे वाटणी टाळायचं कारण होऊ शकत नाही. शेतजमिनीबाबत मात्र सावध राहा. १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमिनीचे प्रश्न वगळलेले आहेत, तेव्हा सातबाऱ्यावर वारस नोंद आणि फेरफार करताना दिवाणी वकिलाला विचारून घ्यावं. सावत्र भावंडं, दोन बायका, हरवलेला माणूस, पोटातलं मूल असे पेच असतील तर आधी मुफ्तीसाहेबांकडून लेखी फतवा घ्यावा. तिथे जाताना वारसांची पूर्ण यादी, कर्जाचे कागद, मेहरची रक्कम आणि मृत्यूची तारीख सोबत न्यावी. कारण वारस कोण हे त्या तारखेला कोण हयात होतं त्यावरून ठरतं, बैठक कधी बसली त्यावरून नाही.